बेउस्ताद

मूल, जि. चंद्रपूर
१३ जानेवारी १९८५

खुशाल यास देवरावचा जय भीम.

पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं होतं. तू आता मोठा माणूस झालास, इंग्रजी पेपरात तुझा फोटो येतो, तेव्हा मोठ्या माणसाला शोभेल असं लिहावं म्हणून दोन कागद फाडले. तिसऱ्या कागदावर मले समजलं का शुद्ध भाषेत मनासारख्या शिव्या देता येत नाई. म्हणून आता जसं येते तसं लिहितो.

सहा वर्षं तीन महिने झाले. आपला भाऊ जिवंत आहे का मेला हे मले माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात आपले हेडमास्तर गुणवंतराव नागपूरले गेले होते. तिथून त्यायनं इंग्रजी पेपरचं एक पान खिशात घडी करून आणलं. मी राइस मिलवर कांट्यापाशी होतो, तिथीच उघडून दाखवलं. "देवराव, हे थोबाड ओळखीचं वाटते काय?" केस मानेवर आले, काळा कोट, हनुवटीखाली फिडील. खाली नाव छापलं होतं, कुश राम. अरे बाप्पा, खुशाल रामटेक्याचा कुश राम झाला. बापानं दिलेल्या नावाचे हातपाय तोडले अन् मधलं धड घेऊन बंबईत फिरून राह्यला.

गुणवंतरावानं बाकीचं वाचून अर्थ सांगतला. तू समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात पाच वर्षं झाले जाझ वाजवून राह्यला. पहिले एका गोव्याच्या सॅक्सोफोनवाल्याच्या मागं उभा राहत होता, आता तो तुह्या मागं उभा राह्यते. कलकत्ता झालं, पोलंड झालं, रेकॉर्ड निघाली. खरं सांगतो, इथपर्यंत ऐकलं तेव्हा माही छाती फुगली. कांट्यावर धानाचं पोतं होतं, ते उतरवायचं मी इसरलो. मग पेपरवाल्यानं विचारलं आहे का तुमचे गुरू कोण. अन् तू म्हणते, "मला गुरू नाही. मी जंगलात जन्मलो. बांबूच्या बनातला वारा ऐकून शिकलो."

कोणता वारा बे? तू जन्मला सरकारी दवाखान्यात. वाढला राइस मिलच्या मागं, कोंड्याच्या ढिगावर घसरगुंडी खेळत. बांबूचं बन तू पाह्यलं ते शाळेच्या सहलीत, अन् तिथी तुले ताप आला म्हणून मी खांद्यावर बसवून परत आणलं. उचलली जीभ लावली टाळ्याले.

ज्यानं शिकवलं तो मुखरूजी ढिवर अजून जिवंत आहे. पंच्याहत्तरी गाठली त्यानं. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजेड-अंधार तेवढा समजते. बोटं वाकडी झाले, जाळं विणता येत नाई, फिडील तर दूरच. तलावाच्या पाळीखालच्या त्याच खोलीत राह्यते. नऊ वर्षांचा होता तू, शाळा सुटली का तिकडं पळे. तो जाळं दुरुस्त करत बसे अन् तू वाजवत बसे. तू चुकला का तो मान वर न करता म्हणे, "मांगं फिर, वाट चुकला." अकरा वर्षं हे चाललं. घुग्घुसच्या खाणीवर साहेब लोकायचा क्लब होता. तिथी तो जवानीत पानी भरे अन् तिथल्या बँडातल्या गोव्याच्या म्हाताऱ्यापासून त्यानं ही विद्या घेतली होती. काय सांगे तो तुले? "चाल म्हंजे घरची वाट. पन रोज एकाच वाटेनं घरी कोन जाते? वावरातून जा, तलावाले वळसा घाल, कोनाच्या अंगनातून जा. फक्त घरी पोच." गुणवंतराव म्हणतात, त्यालेच बाहेरचे लोक जाझ म्हणतात. म्हणजे तू जाझ मूलमधे शिकला, ढिवर मोहल्ल्यात, मासोळीच्या वासात.

तू इसरला असशील म्हणून लिहितो. आपल्या भागात गाण्याच्या मुकाबल्याले बसलं का पेटीवर हात ठेवायच्या आधी उस्तादाचं नाव घ्यावं लागते. समोरची पार्टी विचारतेच. ज्यानं नाव नाई घेतलं तो बेउस्ताद. त्याच्या गाण्याले समोरचे जवाब देत नाई, उठून चहा प्यायले जातात. तू साऱ्या दुनियेसमोर बेउस्ताद झाला, अन् त्या लोकायले वाटते का हे काही लय भारी आहे.

मी तुह्याजवळ काही मागत नाई. तू चांद्याच्या मुकाबल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्टीचं फिडील घेऊन बल्लारशाहून गाडीत बसला, मागं आपली नवजागृती गायन पार्टी मोडली, त्याचंबी आज काही म्हणत नाई. एकच कर. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मुखरूजीचं नाव घे. त्याच्या कानावर पडेल असं घे. अन् तो आहे तोवर घे.

तुहा भाऊ
देवराव

मूल
२५ फेब्रुवारी १९८५

खुशाल,

पत्र नाई, चिठ्ठी नाई, नुसती कॅसेट पाठवली. बरं आहे. ज्याले तोंड नाई त्यानं कॅसेट पाठवावी.

तरी ऐकली. मुखरूजी मार्कंड्याच्या जत्रेतून परवाच आला. दिसत नाई तरी दरवर्षी शिवरात्रीले जाते, नातीचा हात धरून वैनगंगेत डुबकी मारते अन् भजनवाल्यायच्या मागं बसून टाळ वाजवते. पहिले तिथी फिडील वाजवे, ते तुले आठवत असल. मी गुणवंतरावाचा टेपरेकॉर्डर मागितला अन् त्याच्याकडं घेऊन गेलो.

पहिले तुमच्या ताशेवाल्यानं असा धिंगाणा घातला का त्याची नात मंगली चुलीपासून उठून पाहायले आली, भांडे पडले का काय म्हणून. मग तू सुरू झाला. मुखरूजीनं टेपरेकॉर्डरवर हात ठेवला, आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. "हा माहा पोट्टा," म्हणे. मग बोलायले लागला. "चालला बाहेर. देवराव, हा कुठी चालला? वावरात घुसला पाह्य. आता तिकडं कायले गेला? थांब, येते तो. येते." अन् चाल सापडली तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. तीच बाजू त्यानं चारदा लावायले लावली. मले त्यातलं अर्धं समजलं नाई. पण मुखरूजीचं तोंड पाहून मले माहा राग पाच मिनिटं सापडत नव्हता.

"वरच्या तारेवरून घसरते ना तो," मुखरूजी म्हणे, "ते माहं आहे. गोव्याच्या म्हाताऱ्याचं नाई. ओली मासोळी हातातून सुटते तसं सोडाचं, हे मी त्याले शिकवलं."

मग विचारलं, "तारायखालची घोडी तीच आहे का रे? मी सागाची कोरून बसवली होती. फिडील हातात देताना त्याले सांगतलं होतं, बंबईले गेला का चांगली बसवून घे."

मी म्हटलं माहीत नाई. आता मागच्या पत्रात मी पार्टीचं फिडील असं लिहिलं. बरं, मुखरूजीचं होतं. पार्टीत वाजे म्हणून पार्टीचं म्हटलं. पण त्यानं हातात दिलं म्हणजे त्याले माहीत होतं तू चालला. त्याले सांगून गेला, अन् मी घरचा, आईबाप गेल्यावर तुले वाढवणारा, मले सकाळी रिकामी गोधडी दिसली. हे मले सहा वर्षांनी, चहा पिता पिता समजलं. कप तसाच ठेवला मी.

तेवढ्यात तो विचारते, "माहं नाव सांगते का तो तिथल्या लोकायले?"

काय सांगायचं होतं मी? "सांगते ना," म्हटलं. "दरवेळी सांगते. पेपरात छापून आलं."

त्यानं पेपर मागितला. वाचता येत नाई, दिसत नाई, पण हात लावायचा होता. कात्रण माह्या खिशातच होतं. ते त्याच्या मांडीवर पसरलं. "कुठी आहे नाव?" म्हणे. तुह्या फोटोखाली जिथी कुश राम छापलं आहे, तिथी मी त्याचं बोट धरून ठेवलं. लय वेळ त्यानं बोट उचललं नाई. कात्रणबी ठेवून घेतलं.

मी खोटं बोललो ते तुह्यापायी बोललो. ते खरं करणं आता तुह्या हातात आहे. पत्र लिही.

देवराव

मूल
९ जून १९८५

खुशाल,

साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं, अन् तेबी उघड्या पोस्टकार्डावर. आपला पोस्टमन बिरजू वाचत वाचतच घरी आला. "देवरावभाऊ, काय सांगतलं होतं तुम्ही चांद्याले?" असं तो मले विचारते. एकच ओळ लिहिली तू: भाऊ, मंचावर उमाजीनं विचारलं तेव्हा तू काय सांगतलं होतं ते पहिले लिही, मग नावाचं पाहू.

वा रे बहाद्दर. मी विचारतो एक, तू सांगते दुसरं. त्या दिवसाची गोष्ट वेगळी होती. तुले आठवत नसल तर मी आठवण देतो. सोळा ऑक्टोबर, दीक्षेच्या वर्धापनाचा दिवस, मैदानात पाय ठेवायले जागा नाई, सारे पांढऱ्या कपड्यात. पहिल्या रांगेत समाजाचे पंच. समोर ब्रह्मपुरीची पार्टी, तिचा म्होरक्या उमाजी, ज्याच्यापुढं चार वर्षं कोणी टिकलं नव्हतं. त्यानं माइक घेतला अन् गाणं सुरू व्हायच्या आधी तुह्याकडं बोट दाखवलं. "या फिडीलवाल्या पोट्ट्याचा उस्ताद कोन?"

आता तूच सांग. त्याच वर्षी आपल्या मोहल्ल्यात एका म्हातारीच्या घरी जुने देव निघाले म्हणून पंच येऊन बसले होते का नाई? दोन घंटे समजावत होते तिले. आपण गाण्यात काय सांगत होतो? जुनं टाकलं, नवं घेतलं, हेच ना? अन् त्याच मैदानावर, त्याच दिवशी, मार्कंड्याच्या देवळापुढं भजनात वाजवणाऱ्याचं नाव उस्ताद म्हणून घ्यायचं? उमाजीनं तिथीच आपली धूळ केली असती. गडबडीत माणूस काहीबी बोलते. मी बोललो काहीतरी. त्याचं तू एवढं धरून बसला.

इथपर्यंत लिहिलं होतं तर गोकुळा मागून येऊन वाचत उभी. तुही वहिनी कशी आहे ते तुले माहीत आहे. म्हणे, "चोराच्या उलट्या बोंबा." मी म्हटलं तू भात पाह्य. ती म्हणे, "भात शिजला. आता तुमचं पाहून राह्यली." दोन दिवस हे पत्र तसंच पडलं होतं.

इकडं मुखरूजीनं माहं जगणं हराम केलं. तलावावर जो येते त्याले कात्रण दाखवते. "माहं नाव छापून आलं." धुणं धुणाऱ्या बाया, म्हशी आणणारे, मासोळ्या घ्यायले येणारे, कोणी सुटला नाई. त्यायले कोणाले इंग्रजी येत नाई म्हणून निभावलं. पण काल गुणवंतराव पाळीवरून जात होते अन् मी सोबत होतो. मुखरूजीनं आवाजावरून ओळखलं. "मास्तर, एकदा वाचून दाखवा, काय लिहिलं माह्याबद्दल." मास्तरानं कागद हातात घेतला, माह्याकडं पाह्यलं, अन् "चष्मा घरी राह्यला" म्हणाले. चष्मा नाकावर होता. बारा वर्षं ज्या माणसासोबत बसून चहा प्यालो, तो घरापर्यंत माह्याशी एक शब्द बोलला नाई.

तू एवढ्या दुनियेत फिरते, एवढ्या लोकायशी बोलते. दोन शब्द बोलायले तुहं काय जाते? मुखरू ढिवर, मूल. बस. मले वाटलं होतं माहा भाऊ कितीही दूर गेला तरी असा नाई निघणार.

देवराव

मूल
२९ सप्टेंबर १९८५

प्रिय खुशाल,

तुहं आंतरदेशीय पत्र काल आलं. पाच वेळा वाचलं. गोकुळाले वाचून दाखवलं, मग तिनं मले वाचून दाखवलं. रेडिओवर मुलाखत झाली, २० ऑक्टोबरले रविवारी सकाळी अकरा वाजता लागेल, गुरूचं नाव घेतलं आहे, मोहल्ल्यातल्या सर्वायले बोलावून ऐकव. हे वाचून मी मिलवर कोणाले दिसू नये म्हणून पोत्यायच्या थप्पीमागं जाऊन रडलो. पन्नाशीले आलेला माणूस, पण रडलो.

तू मोठं मन केलं. आता मीबी एक करतो. तू पोस्टकार्डावर जे विचारलं होतं त्याचं उत्तर लिहितो. पाकीट बंद करून पाठवतो, म्हणजे बिरजूले वाचता येणार नाई.

उमाजीनं विचारलं तेव्हा तू अर्धा उठला होता. तोंड उघडलं होतं तू. मी पेटीच्या आडून तुहा गुडघा दाबला अन् माइक ओढून म्हटलं, "मी. मी देवराव रामटेके. माहा लहान भाऊ आहे, मीच शिकवला." लोकायनं टाळ्या वाजवल्या. उमाजीनं वाकून मले नमस्कार केला. तू खाली बसला अन् पुढचे चार घंटे असं वाजवलं का ब्रह्मपुरीवाल्यायले जवाब सुचेना. आपण जिंकलो तो मुकाबला. हे मी कोणाले सांगत नाई. हारलो म्हणून पार्टी मोडली असं सांगतो, कारण जिंकलेली पार्टी काऊन मोडली याचं उत्तर माह्याजवळ नाई.

अन् मुखरूजी तिथी होता. मीच आणलं होतं त्याले, ट्रकात पेटी सांभाळायले बसवून. मंचाच्या डाव्या अंगाले दोरी बांधली होती, तिथी आपल्या जेवणाचा डबा हातात घेऊन उभा होता. तेव्हा त्याले दिसत होतं. त्याले ऐकू आलं नसल, असं मी सात वर्षं स्वतःले सांगत आलो. भोंगा त्याच्या डोक्यावर बांधला होता.

परत येताना ट्रकात तू बोलला नाई. मुखरूजी बोलला, धानाचं अन् पान्याचं. त्यानं मले डबा उघडून दिला. मी खाल्लं.

या जूनमधे मी गुणवंतरावाले सहज म्हणून विचारलं का त्या दिवशी मंचावर ढिवराचं, मार्कंड्याले जाणाऱ्याचं नाव घेतलं असतं तर समाज काय म्हणाला असता. ते म्हणाले, "काय म्हणणार? ज्यानं विद्या दिली त्याची जात अन् देव पाहून नाव घ्यायचं का नाई ते ठरवणारे लोक वेगळे. त्यायच्यातूनच तर आपण उठून आलो." म्हणजे भेव माह्या एकट्याचं होतं, अन् मी ते समाजाच्या नावावर खपवलं. अन् खरं तर भेवबी नव्हतं रे. समोर एवढे लोक होते. टाळ्या मले पाहिजे होत्या.

हे कोणाले लिहीन असं वाटलं नव्हतं. आता तू रेडिओवर नाव घेतलं, म्हणून लिहिता आलं. माह्या हातून मोडलं ते तू जोडलं. रविवारी मुखरूजीच्या अंगणात रेडिओ लावतो. ढिवर मोहल्ला, आपला मोहल्ला, सारे बोलावतो. ज्यायले त्यानं कात्रण दाखवलं त्या सर्वायले बोलावतो.

तुहा भाऊ
देवराव

मूल
२१ ऑक्टोबर १९८५

खुशाल,

काल चाळीसएक माणूस जमला होता. मंगलीनं अंगण सारवलं होतं. मुखरूजी सकाळीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, खाटेवर बसला होता. गुणवंतरावानं रेडिओ खाटेवरच ठेवला, त्याच्या मांडीजवळ. म्हातारा दहा वाजतापासून विचारत होता, झाले का अकरा, झाले का अकरा.

बाई हिंदीत बोलत होती. तू चांगला बोलला. हॉटेलातलं सांगतलं, पोलंडच्या बर्फातलं सांगतलं, बोटं आखडले तेव्हा चहाच्या कपायवर हात शेकून वाजवलं ते सांगतलं. लोक हसले. मग बाईनं विचारलं, आपके गुरु कौन हैं. मी मुखरूजीचा हात धरला.

तू म्हणाला, "मेरे गुरु मेरे बड़े भाई हैं, देवराव रामटेके, मूल के. यह मैं नहीं कहता, उन्होंने खुद हज़ारों लोगों के सामने कहा था."

पहिले कोणाले समजलं नाई. मग टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी माह्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद तुम्हीच निघाले की देवरावभाऊ, अन् एवढे दिवस बोलले नाई." आपल्या मोहल्ल्यातल्या दोन पोरी माह्या पाया पडल्या. माहा हात मुखरूजीच्या हातात होता. त्यानं तो काढला नाई, दाबलाबी नाई. तू वाजवायले लागला होता, तर तो फक्त एवढंच म्हणाला, "हल्लागुल्ला नका करू. आयकू द्या."

शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग लोक उठले. गुणवंतरावानं रेडिओ काखेत घेतला अन् माह्याकडं न पाहता बाहेर पडले. गोकुळा मंगलीसोबत चुलीपाशी गेली ती बाहेर आली नाई.

आम्ही दोघंच राह्यलो तेव्हा मी काय बोललो असल, सांग. मी म्हटलं, "मुखरूजी, पोट्टा बेईमान निघाला. तुमचं नाव खाल्लं त्यानं." हेच निघालं माह्या तोंडून. एवढं मोठं पत्र लिहून पाकीट बंद करून टाकलं होतं, अन् तोंडून हेच निघालं.

तो म्हणाला, "तो काऊन खाईल? फिडील द्याले गेलो तेव्हा तो रडून राह्यला होता, उद्या साऱ्यायले खरं सांगतो म्हने. मीच म्हनलं, भाऊ बोलला ते खोटं पाडू नको, घरचा मोठा आहे तो. गुरूचं आयकलं त्यानं."

मी खाली जमिनीवर बसलो होतो. म्हणजे तुले कोणी विचारलं तर तुले माहंच नाव घ्यावं लागलं असतं, ते तुह्यानं घेववलं नाई, अन् मुखरूजीचं घ्यायची त्यानंच मनाई केली होती, म्हणून तू वाऱ्याचं नाव घेत होता. मी तुह्या मागं लागलो, तेव्हा तू गुरूचं ऐकलं. मले चीड आली खुशाल. तुमच्या दोघायची. मले मधात ठेवून तुम्ही दोघं सात वर्षं एकमेकायचे राह्यले, अन् मले पत्ताच नाई.

"मी त्याले पुन्हा लिहितो," मी म्हटलं. "दुसऱ्या वेळी तुमचं नाव घ्यायले लावतो."

"बंबईच्या लोकायनं माहं नाव आयकून काय कराचं आहे," मुखरूजी म्हणाला. "ते मले कुठी वळखतात. पेपरातबी नव्हतं ते मले माहीत आहे. मंगली आठवीत आहे, इंग्रजी अक्षरं लागतात तिले, तिनंच वाचून सांगतलं. तरी दाखवत फिरलो. म्हनलं, कधी तरी देवरावले शरम येईल. मले इथी पाहिजे होतं रे. या मोहल्ल्यात. सात वर्षं तू माह्या दारावरून मिलवर जाते, रोज वाटे आज थांबते."

मी बोटानं सारवलेली जमीन उकरत बसलो.

"लोक अजून पाळीवरच आहेत," तो म्हणाला. "पाय वाजून राह्यले त्यायचे. जा, हाक मार. येतील परत."

मी उठलो, अंगणाच्या दारात गेलो. सारे एका रांगेत पाळीवरून चालले होते, सर्वात मागं गुणवंतराव. आवाज दिला असता तर एका आवाजात थांबले असते. रांगेतल्या पुढच्या एकानं वळून पाह्यलं, मले दारात उभं पाहून हात वर केला, अन् ओरडला, "उस्ताद!" बाकीचेबी वळले.

मीबी हात वर केला.

"मारली का हाक?" आतून मुखरूजीनं विचारलं.

"लोक दूर गेले, मुखरूजी," मी म्हटलं.

पाळीवरून त्यायच्या हसण्याचा आवाज येऊन राह्यला होता.

देवराव